पाचव्या तारेची खरखर

फर्डिनंडला खरं तर ते काम नकोच होतं. सकाळपासून पाठ धरली होती आणि पावसाळी हवेत सरस नीट सुकत नाही, हे त्याला माहीत होतं. पण स्वप्ना आचोळ्याहून दोन रिक्षा बदलून नंदाखालला आली होती. परत कसं पाठवायचं?

अडुसष्ट वर्षांचा हा सुतार. कपाटं-पलंग करणं त्याने कधीच सोडलं होतं, पण आसपासच्या गावांतली फुटलेली व्हायोलिनं आणि गिटारी अजून त्याच्याकडेच यायच्या. स्वप्ना घरोघरी जाऊन मुलांना गिटार शिकवायची. आज रिक्षा खड्ड्यात आदळली आणि कापडी पिशवीतली गिटार दांडीवर आपटली. वरच्या फळीला वीतभर चीर गेली होती. या गिटारीची ही तिसरी चीर.

"आवाज तसाच राहील ना, अंकल?"

"चीर नीट बंद झाली की आवाजाला काही होत नाही. आत काही सुटलं, तरच बिघडतो."

हे वाक्य तो तीस वर्षं सांगत आला होता. त्याने चिरेत गरम सरस भरला, आतून तीन पातळ लाकडी पट्ट्या चिकटवल्या आणि शिकंजे आवळले. चार दिवस ठेवायला हवं होतं. तिसऱ्याच दिवशी त्याने ते काढले, कारण स्वप्नाचे दोन फोन येऊन गेले होते आणि तिला पुन्हा समजावण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं.

स्वप्ना ओट्यावर बसून वाजवू लागली आणि मध्येच थांबली.

"पाचव्या तारेवर काहीतरी खरखरतंय."

फर्डिनंडने तीच तार छेडली, कान जवळ नेला. काहीच नाही.

"स्वच्छ आहे. एकदा वाद्य फुटलं की माणूस खोट शोधतच बसतो. आठवडाभर वाजव, विसरशील."

स्वप्ना वाद घालणारी नव्हती. दमलेलीही होती. गिटार उचलून ती गेली.

पाच दिवसांनी ती परत आली. "एका मुलाच्या आईने विचारलं, टीचर, तुमच्या गिटारमध्ये माशी शिरलीय का. मी मुद्दाम नाही हो बोलत, अंकल."

"वाजव," तो म्हणाला.

तिने वाजवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. तार त्याला ऐकू येत होती. बाकी काही नाही. बाजूला भाजी निवडत बसलेली त्याची बायको सालोमी हळूच म्हणाली, "खरखर आहे."

"तुला ऐकू येते?"

"मागच्या खेपेलाही आली होती." ती देठं बाजूला सारत राहिली. "तुम्हाला कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही हल्ली. किती वेळा सांगायचं म्हणून गप्प बसते."

फर्डिनंडने चष्मा काढून शर्टाला पुसला. वर्षभर त्याला घर जरा शांत झाल्यासारखं वाटत होतं. मुलं वसईला राहायला गेली म्हणून असेल, अशी त्याने समजूत घातली होती.

"पोरी, मला ती खरखर ऐकू येत नाही," तो शेवटी म्हणाला. "तू पाचवी तार वाजवत राहा. मी चिरेवर बोटाने दाबत जातो. थांबली की सांग."

ती वाजवत राहिली. त्याचं बोट चिरेवरून इंच-इंच सरकत होतं.

"नाही... नाही... अजून आहे... थांबली."

त्याने तिथे पेन्सिलने खूण केली. तारा सैल करून आरसा आणि छोटा बल्ब आत घातला. मधल्या पट्टीचं एक टोक केसभर उचललं गेलं होतं.

"सरस सुकायच्या आधी शिकंजे काढले मी," तो म्हणाला. "चूक माझी."

या वेळी त्याने पूर्ण सहा दिवस घेतले. स्वप्ना आली, वाजवलं, सालोमीकडे पाहिलं. सालोमीने मान हलवली. खरखर गेली होती. तरी स्वप्ना पुन्हा पुन्हा तेच सूर वाजवत राहिली.

"आता स्वच्छ आहे. पण खालचे सूर पूर्वीसारखे भरत नाहीत. का माझाच भास?"

पूर्वी त्याने भासच म्हटलं असतं.

"असेल खरंच तसं. एका चिरेने फरक कळत नाही. पण तीन चिरांच्या मिळून आठ पट्ट्या आहेत आत. फळी जड होते, पूर्वीसारखी हलत नाही. हे आधी सांगायला हवं होतं."

स्वप्नाने थोडा विचार केला. "चालेल. मुलांना शिकवायला पुरे," ती म्हणाली आणि गिटार पिशवीत घातली. पाचला तिची शिकवणी होती.

संध्याकाळी आगाशीच्या कोणाचा तरी व्हायोलिनसाठी फोन आला. फर्डिनंडने रिसीव्हर कानाशी दाबून धरला, दोनदा पुन्हा बोलायला लावलं.

"आणा," तो म्हणाला. "पण न्यायला येताना वाजवणारा माणूस बरोबर आणा. मला आता नीट ऐकू येत नाही."

फोन ठेवून तो पाठ टेकून बसला. सालोमीने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"सोमवारी वसईला जाऊ," ती मोठ्याने म्हणाली. "कानाच्या डॉक्टरकडे."

"जाऊ," तो म्हणाला.