सुट्टीत नाहीशी झालेली सावली

मी व्हॉलीबॉलचा खांब बोलतोय. जे सांगणार आहे ते अगदी तसंच घडलं होतं का, याची मला खात्री नाही. एका जागी उभं राहणाऱ्याचे दिवस एकमेकांत मिसळतात. शिवाय वर्गाच्या खिडकीजवळ इतकी वर्षं काढल्यामुळे सहावी-सातवीचं गणित आणि विज्ञान मी पुन्हा पुन्हा शिकलो आहे, आणि शिक्षण वाढलं तशी माझी खात्री कमीच होत गेली. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

जन्माने मी लोखंडी पाइप. शहाद्याजवळच्या आमच्या गावात, चुनीलाल पाटलांच्या केळीच्या मळ्यात मी बोअरमधून पाणी वर आणायचो. पाणी खोल गेलं, नवे पाइप आले, आणि पाटलांनी आम्हा दोघा भावांना शाळेला देऊन टाकलं. मैदानात आम्हाला समोरासमोर रोवलं, मध्ये जाळी बांधली. पुढे जाळी फाटली. माझा भाऊ पाण्याच्या टाकीला टेकू म्हणून गेला तो परत आला नाही. एकट्या खांबावर व्हॉलीबॉल होत नाही. शेळ्या मला अंग घासायच्या, मुली माझ्या कडीला दप्तरं अडकवायच्या. तीच माझी नोकरी, असं मी समजत होतो.

हेमकांत सर तेव्हा विज्ञान शिकवायचे. एम.एस्सी. झालेले, मनानं फार चांगले, पण प्रश्नांना भिणारे. घरून तयारी करून यायचे आणि तयारीबाहेरचं कुणी विचारलं की खिशातला रुमाल काढायचे. एका जानेवारीत त्यांनी सांगितलं, "दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली नाहीशी होते."

मोहिनीनं हात वर केला. चुनीलाल पाटलांची ही नात, सहावीतली. "सर, पण बाराची घंटा होते तेव्हा बाहेरच्या खांबाची सावली असते. चांगली लांब असते."

रुमाल बाहेर आला. "खांब वाकडा असेल. बस खाली."

वर्ग हसला. दुकानदार इंदरमल शेठांचा नातू रिंकू मागच्या बाकावरून म्हणाला, "खांब वाकडा, मोहिनी वाकडी!" आणि पुढचे कितीतरी दिवस तिचं तेच नाव राहिलं.

वर्गात सगळ्यात जास्त हात वर करणारी ती मुलगी. त्या दिवसापासून तिचा हात वर आला नाही. खिडकीतून मी रोज बघायचो. सरांनी काही विचारलं की तिची बोटं बाकाच्या कडेला घट्ट धरलेली असायची. मला माझ्या वाकडेपणाची लाज वाटत होतीच. पण खरी काळजी त्या हाताची होती. एकदा खाली गेलेला हात पुन्हा वर येत नाही, असे कितीतरी मी पाहिले होते.

रविवारी ती एकटी आली. दोरीला लोखंडी नट बांधून तिनं ओळंबा केला होता. तो माझ्या डोक्यापासून सोडून तिनं चारी बाजूंनी पाहिलं. मी खरोखरच किंचित कललेला निघालो. आता तीही मला 'वाकडा' म्हणेल असं वाटलं, पण तिनं माझ्या बुडाशी दगड ठोकले, माती दाबली आणि खांद्यानं मला रेटत रेटत सरळ केलं. तरीही माझी सावली पडलीच. जवळपास माझ्याच उंचीची होती.

मग सावलीच्या टोकाशी ती थोड्या थोड्या वेळानं एकेक खडा ठेवत बसली. तिची आजी प्रमिलाबाई शोधत आली.

"काय करी ऱ्हायनी व तू? उन्हमा बशी बशी काळी पडशी, मंग कोण पसंत करी तुले?"

"सूर्यले पसंत शे मी, मोठी माय."

"इन्ही जीभ देखा!" म्हणत आजीनं स्वतःचा टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि निंबाखाली बसून राहिली, नातीचं काम संपेपर्यंत.

सगळ्यात आखूड सावली बाराला पडली नव्हती. साडेबारा उलटून गेल्यावर पडली होती. मोहिनीनं ते पाहिलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

सोमवारी सरांना ते खडे दिसले. बाराच्या घंटेनंतर, जेवणाच्या सुट्टीत मुलं खिचडी खात होती आणि सर माझ्याशेजारी एकटेच उभे होते. एकदा माझ्या सावलीकडे बघायचे, एकदा स्वतःच्या. घड्याळ काढून झटकलं, कानाला लावलं. मला त्यांची फार दया आली. शिकलेल्या माणसाला स्वतःची सावली खोटं पाडते म्हणजे काय, हे मला समजू शकत होतं.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात म्हणाले, "सावलीचं मी जे सांगितलं ते वहीतून खोडा. मी पाठ केलेलं सांगितलं, कधी बाहेर जाऊन बघितलं नाही. मोहिनी, तू बघितलंस. सांग."

ती उठली नाही. बोटं बाकाच्या कडेलाच होती. सर थांबले.

"बोल ना व," रिंकूच कुजबुजला. "सर ईचारी ऱ्हायनात."

हात हळूहळू वर आला. ती उत्तर देईल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "सर, मग सावली कधीच नाहीशी होत नाही का?"

रुमाल बाहेर आला. सरांनी तो हातात धरला आणि तसाच परत खिशात ठेवला. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "बघू या."

तेव्हापासून दर सोमवारी साडेबाराच्या सुमारास सगळा वर्ग माझ्याभोवती. खडा ठेवायचा मान पाळीपाळीनं. सावली उत्तरेकडे पडायची आणि दर आठवड्याला आखडायची. एप्रिल संपताना ती वीत-दीड वीत उरली. मुलांचा जीव टांगणीला लागला आणि नेमकी सुट्टी लागली. कुणी मामाच्या गावी गेलं, कुणी लग्नांना.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलं धावत आली आणि थबकली. खडे उत्तरेला होते आणि माझी सावली दक्षिणेला पडली होती, चार बोटांची.

"पलटी मारी दिधी इनी!" रिंकू ओरडला.

मोहिनीनं खड्यांपासून सावलीपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "सर, इकडून तिकडे गेली म्हणजे मधून गेली असेल. आपण नव्हतो तेव्हा नाहीशी झाली होती. आणि परत येताना पुन्हा मधूनच येईल."

सर खाली वाकून खडे बघत होते. ते चटकन उठले नाहीत. उठले तेव्हा डोळे पुसायला रुमाल लागला.

तुम्ही म्हणाल, तू तर मे महिन्यात तिथेच होतास, तुला दिसलं असेल. होतो मी. पण रिकाम्या मैदानात, उन्हाच्या गुंगीत, मला कुणी काही विचारलं नव्हतं. प्रश्न नसला की डोळ्यांसमोरचंही दिसत नाही. निदान मला तरी दिसलं नाही.

जुलैत सावली परत फिरली, पण आभाळ भरलेलं. मुलं छत्र्या घेऊन माझ्याभोवती उभी राहायची आणि भिजून वर्गात जायची. सूर्य दिसला नाही. पुढच्या वर्षी मोहिनी आठवीसाठी शहाद्याला गेली, तिची सुट्टी क्लासेसमध्ये गेली. सरांची बदली झाली. पुढे मैदानात पेव्हर ब्लॉक बसले तेव्हा मला उपटायचं ठरलं होतं. चुनीलाल पाटील काठी टेकत आले आणि म्हणाले, "हाऊ मन्ही नातना खांब शे. याले हात नका लावू." म्हणून आज माझ्याभोवती ब्लॉक आहेत आणि पायाशी मातीचं एक वर्तुळ. दप्तरं अजूनही टांगतात. खिडकीतून तपासत असतो, कोणाचा हात वर आहे. शिक्षक मंडळींना माझं एवढंच मागणं आहे: वर आलेल्या हाताला आधी 'बस खाली' म्हणू नका.

गेल्या वर्षी मोहिनीच्या धाकट्या भावाचं, धीरजचं लग्न होतं. भर मे महिन्यात. बँड वाजत होता, पंगती बसत होत्या. आणि जरीची साडी सावरत मोहिनी फाटकातून आत आली. धापा टाकत तिनं फोन लावला. हेमकांत सर आता निवृत्त होऊन धानोऱ्याला राहतात.

"सर, मी शाळेत आहे. खांबापाशी."

"अगं, आज लग्न ना धीरजचं?"

"तो नवरदेव आहे, त्याला कुठे माझी गरज! सर, सावली अंगठ्याएवढी राहिलीय."

"ढग?"

"एकही नाही."

"मग बोलू नकोस. बघ."

फोनमधून सरांचा श्वास ऐकू येत होता. मोहिनी गुडघ्यांवर बसली. जरीची साडी मातीत लोळत होती. तिनं तळहात माझ्या बुडाभोवती, सगळीकडून, जमिनीवर फिरवला.

"सर," ती म्हणाली. आवाज सहावीतला होता. "नाहीये."

फोनवर सर हसत होते की रडत होते, ते मला कळलं नाही. पण एक गोष्ट आता मी खात्रीनं सांगू शकतो: आमच्या गावात अठ्ठावीस मेच्या दुपारी, साडेबाराच्या सुमारास, उभ्या खांबाला सावली नसते.