डब्यावरचं नाव

आमच्या घरात वाईट माणूस एकही नाही. तोच तर माझा राग आहे. वाईट माणसाशी भांडून मोकळं होता येतं. चांगल्या माणसांनी चांगुलपणानं वाटोळं केलं की तुम्ही जळत बसायचं, आणि वर लोक तुम्हालाच म्हणणार, एवढं काय झालं गं, कोळीच होता की.

होता नव्हे, होती. मादी होती, आणि माझ्याजवळ मी शिकत होते तेव्हापासून होती.

मी राजश्री. गाव बोरगाव, निपाणीत माझं औषधाचं दुकान आहे. बेळगावला फार्मसीला असताना माशांच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानातून मी टॅरँटुला जातीच्या केसाळ कोळ्याचं पिल्लू आणलं. तेव्हा ते करंगळीच्या नखाएवढं होतं. माल गोव्याहून आलेला, म्हणून दुकानदारानं डबीवर गुलाबाच्या फुलाचा एक स्टिकर चिकटवून वर ठळक लिहिलं होतं, 'गोवा रोज'. असली कुठली जात जगात नाही. 'रोज' हे पाळणाऱ्यांच्या तोंडचं नाव, आणि ते तरी धड एका जातीचं कुठं आहे? चुलत बहिणी शोभतील अशा दोन जातींना तेच लावतात. त्यात ज्याच्या हातातून डबी जाते तो आपलं एक शेपूट जोडतो. तिचं खरं नाव ग्रामोस्टोला, मुलूख चिली, आणि राहणी कोरड्या मातीतली. एवढं सगळं मी डबीच्या बाजूला पेननं लिहून ठेवलं होतं.

माझ्या धंद्यात हेच तर रोज चालतं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ती लाल पट्टीची गोळी द्या. लाल पट्टीच्या गोळ्या दुकानात ढीगभर असतात. मी पाकीट उलटं करते, बारीक अक्षर वाचते, मग देते. वरचं नाव विकणारा ठेवतो. आतलं औषध चुकलं तर माणूस जातो. हे मी आप्पांना जेवताना किती वेळा सांगितलं असेल, आणि आप्पा दरवेळी मान हलवायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील, बाबगोंडा. ऊस आणि तंबाखू करतात, रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जातात, दिवस मावळल्यावर पाणी सोडून काही घेत नाहीत. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर बैल थांबवणारा माणूस. अशा घरात किडे खाणारं जनावर कसं ठेवलं, असं सगळे विचारतात. तडजोड झाली होती. डबा घरात राहील, पण तिचं जेवण घरात होणार नाही. जेवणाच्या दिवशी मी डबा गाडीवर घालून निपाणीला दुकानात न्यायचे, तिथं मागच्या खोलीत तिला झुरळ द्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. आई दारात उभी राहून त्या झुरळासाठी णमोकार म्हणायची. पण तिनंच ग्रामोस्टोलाचं 'ग्रामाक्का' केलं होतं. ती वाढली, मोठा काचेचा डबा घेतला, तेव्हा आईनंच तो गुलाबाचा स्टिकर हलक्या हातानं उकलून नव्या डब्यावर लावला. फूल चांगलं आहे म्हणाली. मी लिहिलेलं जुन्या डबीवरच राहिलं. मी नव्या डब्यावर परत लिहिलं, पण माझं अक्षर बारीक आणि फूल मोठं.

एकदा ती पाठीवर पडलेली दिसली, पाय वर. आप्पांना वाटलं, गेली. हात जोडून त्यांनी तिच्या कानाशी म्हणावं तसं णमोकार म्हटला. मी दुकानातून आले आणि पोट धरून हसले. ती कात टाकत होती. पाठीवर पडली तर जिवंत, सरळ बसून पाय पोटाखाली आवळले तर गेली, असं मी त्यांना समजावलं. दुसऱ्या दिवशी ग्रामाक्का नवीकोरी होऊन बसलेली बघून आप्पांना इतका आनंद झाला की बस्तीतल्या चार जणांना बोलावून दाखवली.

म्हणजे प्रेम नव्हतं असं नाही. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

या वर्षी संकेश्वरचं स्थळ आलं. मुलगा सौरव, बोलायला बरा. त्याची आई अक्काताई. आम्ही चहाला गेलो, त्यांनी घर दाखवलं, माझं कपाट कुठं राहील तेही दाखवलं. मग आप्पांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. तेवढं जनावर तिकडंच ऱ्हाऊ दे." मी गाडीतच सांगितलं, ती इथं राहिली तर मीही इथंच राहिले. आप्पा म्हणाले, "बघू." आमच्या आप्पांचं 'बघू' म्हणजे ठरलं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

भाद्रपदात, पर्युषण पर्व सुरू व्हायच्या आधी, मी एका बैठकीसाठी बेळगावला गेलते आणि मैत्रिणीकडं राहिले. रविवारी दुपारी घरी आले तर फळीवर डबा नव्हता. आई सोप्यात जोंधळे निवडत बसली होती. सापडलेले किडे एकेक करून कागदावर घेत होती, सावलीत सोडायला. तिनं माझ्याकडं वर बघितलं नाही.

"ग्रामाक्का कुठाय?"

आप्पा कॉटवर बसले होते. तोंडावर समाधान, देवदर्शन करून आल्यासारखं.

"पोचवली," ते म्हणाले.

"कुठं पोचवली?"

"तिच्या घरी. काल भरमूची जीप केली आणि कणकुंबीला गेलतो. पार गोव्यात न्यायची मनात होतं, पर भरमू म्हणाला नाक्यावर डबा उघडाय लावतील. मग अलीकडंच, हद्दीला, रानात सोडली. चांगली जागा बघून सोडली गं. हिरवंगार हाय सगळं. तीनदा णमोकार म्हणलो."

डब्यात चुकून पाणी सांडलं तर ती काय करायची ते मी बघितलंय. पाय उचलून उचलून काचेला चिकटून बसायची, खाली माती वाळेपर्यंत उतरायची नाही. त्या बाईला यांनी भाद्रपदात कणकुंबीच्या पावसात नेऊन ठेवलं.

"आप्पा, ती चिलीची आहे. समुद्रापल्याडची. कोरड्या मुलखातली."

"मग वर गोवा का लिवलंय?"

"ते दुकानदारानं लिवलंय. बाजूला मी लिहिलेलं वाचलं न्हाय तुम्ही?"

"बारीक हाय ते. आणि काय ते इंग्रजी नाव. गोवा तेवढं मोठं दिसलं. विकलो न्हाय, मारलो न्हाय. दुसरा कुणी असता तर चप्पल हाणला असता. मी जिवाला जिवाच्या जागी सोडलो. डबा काय कुणाचं घर असतंय व्हय? तू बी उद्या तुझ्या घरी जाणारच की."

तिथं माझं डोकं फिरलं. आजवर बापाला मी उलट बोलले नव्हते, त्या दिवशी सगळं बोलून घेतलं. म्हटलं, माझं घर कुठलं ते कुणी लिहिलं? कुठल्या डब्यावर? एकदा चहा प्यायला म्हणून ते माझं घर झालं, आणि जन्मल्यापासून राहते ते कुणाचं? आईनं "राजे, हळू" म्हटलं, तर तिलाही सोडलं नाही. तुला माहीत होतं आणि तू जोंधळे निवडत बसलीस, म्हटलं, किड्यांना सावली आणि हिला पाऊस. आई रडायला लागली. मला त्या वेळी त्याचंही काही वाटलं नाही.

मग आप्पांना म्हटलं, तिचा रिकामा डबा घ्या आणि चला. जागा दाखवा. पावसात भिजून ती फार टिकणार नाही. आज सापडली तर सापडली.

गाडी मी चालवत होते. संकेश्वरचा फाटा आला तसे आप्पा घसा खाकरून म्हणाले, "येताना अक्काताईंकडं जरा थांबू या. चहाला बोलवल्यात." मी वेग वाढवला. बेळगाव मागं टाकून जांबोटीचा रस्ता धरला तसा पाऊस लागला आणि लागलाच. वायपर पाणी सारायचा आणि पुढं परत पाणी. आप्पा काचेतून बाहेर बघत होते. काल याच पावसातलं रान त्यांना हिरवंगार वाटलं होतं.

"काल येवढा नव्हता," ते म्हणाले.

"रात्री किती पडतो ते तुम्हाला काय ठाऊक," मी म्हटलं.

कणकुंबीच्या पुढं, रस्ता सोडून जरा आत, आप्पांनी जागा दाखवली. एक जांभळीचं झाड, खाली दगड, दगडाला लागून पाला. जागा खरंच निवडून काढलेली होती. दगडाच्या आडोशाला त्यांनी डब्यातली कोरडी माती ओतून तिला छोटी गादी केली होती. पाण्याची वाटीसुद्धा ठेवली होती. त्या पावसात पाण्याची वाटी. ती भरून वाहत होती आणि मातीचा चिखल होऊन पार खाली गेला होता.

मी गुडघ्यावर बसून पाला उलटायला लागले. आप्पा छत्री माझ्यावर धरून स्वतः भिजत उभे होते. म्हटलं, छत्री ठेवा आणि शोधा. मग तेही चिखलात बसले. हातानं पान उचलायचे, खालची गांडुळं जपून बाजूला ठेवायचे, आणि पुढचं पान. मला किंचाळावंसं वाटत होतं. एवढं जपता येतं तुम्हाला, मग वाचता का आलं नाही.

ती लांब गेलीच नव्हती. ती जात फिरणारी नाही. दगडावर, जेवढं वर चढता येईल तेवढं चढून, एका खोबणीत बसली होती. खाली सगळीकडं ओल, म्हणून वर चढली असणार. अंगावरची ती गुलाबी झाक पाण्यानं काळी पडली होती.

"हाय, हाय," आप्पा म्हणाले. "बघ, बसलीया." आणि मग जवळ येऊन, हळू, "उताणी हाय का गं? कात टाकत असंल."

उताणी नव्हती. सरळ बसली होती आणि आठही पाय पोटाखाली आवळले होते, मूठ मिटल्यासारखे. मी बोट लावलं. मग तळहातावर घेतली, तोंडाजवळ धरून फुंकर घातली, रुमालात गुंडाळून पदराखाली ऊब दिली. आप्पा बघत होते. मीच शिकवलं होतं त्यांना कुठली जिवंत आणि कुठली गेलेली, त्यामुळं सांगायची गरज नव्हती. तरी ते परत म्हणाले, "जरा थांबू या. मागच्या बारीला बी आपल्याला असंच वाटलंतं."

"आप्पा, गेली ती," मी म्हटलं.

त्यांनी हात जोडले. ओठ हलले आणि थांबले.

"तिचं नाव नीट सांग एकदा," ते म्हणाले. "नाव घेऊन म्हणतो."

"आता कशाला पाहिजे?"

"सांग गं."

मी सांगितलं. मुद्दाम भरभर सांगितलं. त्यांना पहिल्या वेळी जमलं नाही, दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्यांदा मी तोडून तोडून सांगितलं, आणि शाळेतल्या पोरासारखं त्यांनी माझ्यामागून म्हटलं. ग्रा-मो-स्टो-ला. मग णमोकार म्हटला. परक्या मुलखातलं जनावर त्या रानात ठेवायला माझं मन घेईना. रुमालासकट तिला परत डब्यात ठेवलं आणि डबा आप्पांच्या मांडीवर दिला. त्यांनी बसल्या बसल्या नखानं तो गुलाबाचा स्टिकर खरवडायला घेतला. ओला झाला होता, तरी सहज निघेना.

जांबोटी मागं पडल्यावर रेंज आली आणि आप्पांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन कायम स्पीकरवर ठेवतात. अक्काताई होत्या.

"कुठं हाय हो बाबगोंडाण्णा? चहा ठेवू का? आणि ते कोळ्याचं झालं का न्हाय?"

मला वाटलं, आता म्हणतील झालं झालं, काळजी नको.

"कोळी न्हवं," ते म्हणाले. "ग्रामोस्टोला."

"काय म्हणला?"

"ग्रामोस्टोला. चिलीची हुती. मेली काल रात्री." त्यांनी डब्यावर हात ठेवला. "मी मारली."

मुंगीसाठी बैल थांबवणाऱ्या माझ्या बापाच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. तिकडून अक्काताई "अगं बाई, असू दे हो, किडाच की" असं काहीतरी म्हणत होत्या. आप्पांनी फोन बंद केला.

असू दे आप्पा, असं मला म्हणता आलं असतं. माझ्या जिभेवर होतं, पण मी म्हटलं नाही, आणि अजूनही म्हटलेलं नाही.

संकेश्वरचा फाटा आला. आप्पांनी त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. मी गाडी सरळ बोरगावला नेली.