सशाची चाल

मला ससा म्हणतात. हसू नका, मी चांगला थोराड जातीचा कुत्रा आहे. नाव पडलं ते माझ्या चालीवरून.

लहानपणी मी मागचे दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारत पळायचो. आमचा मिस्त्री फरशा बसवणारा. कामावरून आला की अंगावरच्या मळक्या कपड्यांनीच मला फाटकापर्यंत पळवायचा आणि शेजाऱ्यांना हाका मारून म्हणायचा, "बघा, कुत्रा आणला अन् ससा निघाला." सगळे पोट धरून हसत. मला वाटे, आपण फारच गुणी. काय दिवस होते ते! मिस्त्रीणबाई उरलंसुरलं माझ्यापुढे ठेवत, "वाढतं अंग आहे, खाऊ दे." मी कशाला नाही म्हणतोय?

घरातली दगडी फरशी मिस्त्रीने स्वतः घोटलेली, तोंड दिसेल अशी. तिच्यावर चटई टाकायची कुणाची छाती नव्हती.

एके सकाळी त्याच फरशीवर माझे मागचे पाय फाकले आणि मला उठताच येईना. मिस्त्रीने मला उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आतल्या हाडांचा फोटो काढला.

"खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसत नाही. हे आईबापांकडून आलंय, वाढीच्या वयात दिसायला लागतं. अशा उड्या कधीपासून मारतो?"

"आणला तेव्हापासून," मिस्त्री म्हणाला. "आम्ही हसायचो हो."

"वजन उतरवा, घसरू देऊ नका, नाहीतर चालणंच बंद होईल. आणि याची पिल्लं नकोत."

घरी आल्यावर मिस्त्री बराच वेळ फरशीकडे बघत बसला. मग त्याने छिन्नी-हातोडा काढला.

"अहो, चटया अंथरू की," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"चटया सरकतात."

गुडघ्यांवर बसून, छिन्नीचे घाव घालघालून त्याने अख्खी फरशी खरबरीत केली. गिऱ्हाइकं घरी आली की विचारत, "काय मिस्त्री, तुमच्याच घरात हे असं?" तो म्हणे, "दिव्याखाली अंधार." आणि विषय बदले.

माझं पळणं सुटलं, चालणं मात्र टिकलं. त्या फरशीवर मी म्हातारा झालो. तुम्हीही आपल्या पिल्लाच्या चालीचं कौतुक करा, पण ती एकदा डॉक्टरांना दाखवा.

जन्मभर फरशा बसवून आता मिस्त्रीचेही गुडघे गेलेत. सकाळी आम्ही दोघं जमिनीवर शेजारी बसलेलो असतो. "बोल, आधी तू की मी?" तो विचारतो. बहुतेक तोच कण्हत उठतो आणि वाकून माझ्या पोटाखाली हात घालतो.

एक दिवस त्याने हात घातला तरी मी उठणार नाही. त्या सकाळी त्याला उठवायला कुणीतरी या.