फळीपलीकडचा गंज

"दादा, परत गंज आलाय बघ," फळ्यांच्या भिंतीपलीकडून धाकटा म्हणाला. "कालच तेलाचा हात फिरवला होता."

"हवा दमट आहे," थोरला म्हणाला आणि फिनेलच्या बाटल्या पुसू लागला.

हवा चांगली कोरडी ठणठणीत होती. वडिलांनी एकाच दुकानाच्या मधोमध फळ्या ठोकून वाटण्या केल्या, तेव्हा हवेची वाटणी तेवढी राहून गेली होती. थोरल्याच्या वाट्याला फिनेल आणि फरशा धुवायचं ॲसिड आलं, धाकट्याच्या वाट्याला शिलाई मशिनांची दुरुस्ती. थोरल्याकडे गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून यायचं आणि माल घेऊन पळायचं. धाकट्याकडे बायका स्टुलावर बसून हसत असायच्या. शिलाई मशिनात हसण्यासारखं काय असतं, हे थोरल्याला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आई वाढताना विचारायची, "धाकटा जेवला का रे?" समोर थोरला जेवतच असायचा.

ॲसिडचा स्वभाव त्याला पाठ होता. संगमरवरावर सांडलं तर फेस येतो, खड्डा पडतो. सगळा उघड मामला. लोखंडाला मात्र थेंबाचीही गरज नसते. कोंदट जागेत नुसत्या वाफेनं ते तांबूस होतं. त्याने ॲसिडचा कॅन फळ्यांमधल्या फटीला टेकवून ठेवला आणि झाकण दोन आटे ढिलं सोडलं. केलं असं काहीच नाही. झाकण न पिळणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नव्हता.

हळूहळू पलीकडची चाकं, सुया, स्क्रू, सगळं गंजलं. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. बायका हसेनाशा झाल्या. थोरल्याला जेवण गोड लागू लागलं.

मग एका दुपारी आई रिक्षातून उतरली. दोन्ही हातांत तिचं हाताचं शिलाई मशीन. त्याच्यावरच तिने दोघांचे शाळेचे सदरे शिवले होते.

"आण इकडे, मी घेतो," धाकटा धावला.

"नको रे बाबा. तुझ्याकडे ठेवलेलं गंजतं म्हणतात." आई थोरल्याकडे वळली. "घराला रंग लागतोय. तोवर तुझ्याकडे राहू दे. तू आपला सांभाळून ठेवशील."

धाकट्याचा चेहरा उतरला. तो चेहरा बघायला थोरला चाळीस वर्षं थांबला होता. त्याने मशीन घेतलं, दुकानात वळला आणि दारातच थबकला. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत कॅनच कॅन होते.

"उन्हात काय उभा राहिलास? आत ठेव की," आई म्हणाली.

"ठेवतो. तू जा."

आई गेली. त्याने बाहेर स्टूल ओढलं आणि मशीन मांडीवर घेऊन बसला. पलीकडे धाकटा एक चाक घासत होता.

"ॲसिड आहे का?" गिऱ्हाईक आलं.

"आहे," तो म्हणाला. पण उठला नाही. दोन्ही हातांनी मशीनचं चाक झाकून तसाच बसून राहिला.