वाटीतले दोन दात

टण्ण!

घर गप्प होतं. निकिताचा नवरा दिग्विजय पेरूच्या बागेत गेला होता, सासू ठमाबाई देवापुढे वात लावत होत्या, निकिता न्हाणीत होती. त्या गप्प घरात स्वयंपाकघराच्या फरशीवर एक स्टीलची वाटी पडली. गरगर फिरली आणि पालथी होऊन थांबली.

मित्रांनो, ती वाटी माझी. मी दोन दातांची कवळी. टाळूला चिकटणारा एक गुलाबी तुकडा, त्यावर पुढचे दोन दात, आणि शेजारच्या दातांना धरून राहायला दोन्ही बाजूंना तारेचा एकेक आकडा. एवढाच माझा देह. अंघोळीला जाताना निकिता मला काढून त्या वाटीतल्या पाण्यात ठेवते.

पण वाटी पडली तेव्हा मी तिच्यात नव्हते. मी कुठे होते ते मला ठाऊक होतं, आणि घरात आणखी एकीला ठाऊक होतं. आम्हा दोघींपैकी एकीलाही बोलता येत नव्हतं.

जरा मागचं सांगते, म्हणजे सगळं नीट कळेल.

माझा जन्म बारामतीचा. निकिताचे वरचे पुढचे दोन दात गेले, तेव्हा तिची थोरली मुलगी अगदी तान्ही होती. नरसिंहपूरजवळच्या वस्तीवरून ठमाबाई तिला बारामतीला घेऊन आल्या. दाताच्या मॅडमनी मऊ लगदा भरलेला साचा तिच्या टाळूला दाबला आणि म्हणाल्या, "नाकानं श्वास घ्या." त्या ठशावरून मी घडले. माझ्या दातांचा रंगही जुळवून निवडला. फार पांढरा नको, फार पिवळा नको. मी पहिल्यांदा तोंडात बसले, निकितानं आरशात पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, "ही तात्पुरती आहे हं. काही महिन्यांनी पक्क्या दातांचं बघू."

त्या काही महिन्यांची आता सहा वर्षं होत आली. आधी थोरली अंगावर पीत होती, मग घराचं बांधकाम निघालं, मग धाकटा अविराज पोटात होता. मी तात्पुरतीच राहिले आणि राहतच गेले.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. नणंदेच्या लग्नात निकिता फोटोसाठी दात दाखवून हसली. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, खोटं हायत म्हणून वळखू बी येत न्हाईत!" मी नुसती फुलून गेले. पण पुढे माझे दिवस उतरले. एकदा घाईत मला गरम पाण्यात धुतलं आणि मी किंचित वाकडी झाले. तेव्हापासून एक तार हिरडीला बोचते. दात नसलेल्या जागी हिरडीही हळूहळू झिजत जाते, म्हणून मी सैल झाले. शिंक आली की निकिता तोंडावर हात धरते. हसू आलं की ओढणी. घराच्या चारी बाजूंना पेरू लगडलेले, पण तिला एक अख्खा पेरू चावता येत नाही. विळीवर फोडी करायच्या आणि मागच्या दातांनी खायच्या. माझ्याच्यानं तेवढं होत नाही.

आणि तरी माझ्याशिवाय ती कधी फाटकाबाहेर गेली नाही. दिग्विजय चेष्टेनं म्हणायचा, "कवळी न्हाय तर निकिता न्हाय!" हे वाक्य ध्यानात ठेवा. घरातल्या एका मुलीनं ते पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा बारामतीला गेलो. मॅडमनी मला ट्रेमध्ये ठेवलं आणि टेबलावर प्लास्टिकचे तीन जबडे मांडले. माझ्या जागी कोण येणार ते ठरत होतं, आणि मला तिथंच पडून ऐकावं लागत होतं.

पहिल्या जबड्यात होती माझीच धाकटी बहीण म्हणावी अशी लवचीक कवळी. तिला तार नाही, म्हणून बोचत नाही. पण काढघाल तीच, आणि हिरडी झिजली की सैल होणंही तेच.

दुसरा ब्रिज. त्यात रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि मधले दोन दात त्या टोप्यांना जोडून बसवायचे. काम लवकर होतं, चिरफाड नाही. "पण चांगले दात एकदा घासले की पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्या त्यांना आतून कीड लागली तर सगळाच ब्रिज काढावा लागतो."

तिसरा इम्प्लांट. हाडात धातूचा बारीकसा स्क्रू बसवायचा. हाडानं त्याला घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यावर दात. शेजारच्या दातांना हातही लावायचा नाही. "मात्र हाड पुरेसं हवं. तुमचं आज आहे. आणखी दोन-तीन वर्षं काढलीत तर सांगता येत नाही."

निकितानं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पेरू चावता येईल?"

मॅडम हसल्या. "पहिल्यानं नाही. दुसऱ्यानं जपून, फोडी केलेल्याच बऱ्या. तिसरा नीट धरला, तर येईल."

रात्रीच्या जेवणाला हाच विषय निघाला.

"चांगलं दात घासायचं?" ठमाबाईंचा घास हातातच राहिला. "म्हंजी शेजाऱ्याच्या भितीवर आपलं छप्पर टाकायचं, आन वर त्याचीच भित तासायची? ह्ये काय बरं न्हाय."

"मग स्क्रूच बसवू," दिग्विजय म्हणाला.

"हाडात? भोक पाडून?"

"व्हय की. जबड्यात बोअरच मारायची, आई! पाणी लागलं तर तुझ्या तुळशीला सोडू."

सगळे हसले. निकितानं ओढणी तोंडावर धरली. हसली नाही ती फक्त राजेश्वरी, थोरली. तिला घरात राजू म्हणतात, यंदा पहिलीत आहे. उन्हाळ्यात बागेच्या कोपऱ्यात बोअरची मशीन आली होती, ती तिनं पाहिली होती. पायाखालची जमीन थरथरत होती, धुरळ्याचे लोट उठत होते, लोखंडी दांडा आत आत जात होता, आणि शेवटी चिखलाचा फवारा उडाला होता. तेव्हा ती कान झाकून आजीच्या कुशीत शिरली होती. आता तिनं हातातली भाकरी खाली ठेवली आणि आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला कळलं, कारण ती थेट माझ्याकडेच बघत होती.

आणि मग ती सकाळ उजाडली. बारामतीला जायचं होतं, शेवटी ठरलेला इम्प्लांट बसवायचा होता. निकिता न्हाणीत गेली, तशी राजू पावलं न वाजवता ओट्यापाशी आली. तिनं मला वाटीतून उचललं, गणवेशाच्या खिशात टाकलं आणि खिशातच मुठीत आवळून धरलं. वाटी तिनं ओट्याच्या अगदी कडेला ठेवून दिली. तिचा हिशोब सरळ होता. कवळी नाही तर आई नाही. आई गेली नाही, तर बोअरही नाही.

तेवढ्यात अविराज लुटूलुटू चालत आला. दीड वर्षाचं पोर. तोंडात पेरूची फोड होती. आजी गुंतलेली बघून राजूनं दाराकडे पाय काढला, आणि मागे अविराजनं टाचा उंचावून वाटी ओढली.

टण्ण!

तो दचकला. फोड घशाशी गेली आणि तो खोकायला लागला. निकिता ओल्या केसांनी धावत आली. तिला दिसलं ते एवढंच: पालथी वाटी, सांडलेलं पाणी, त्यात बसलेलं पोर, लालबुंद चेहरा, हनुवटीवरून गळणारी लाळ. आणि मी कुठेच नाही.

"आत्याबाई!" सासूला ती याच नावानं हाक मारते. "अवीनं कवळी गिळली!"

ठमाबाईंनी पोराला मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीत थापट्या मारल्या. निकितानं त्याच्या तोंडात बोट घातलं. पेरूचा तुकडा निघाला. मी निघाले नाही. सिलिंडरच्या मागे बघितलं, ओट्याखाली बघितलं, तिनं ओल्या फरशीवर हात फिरवला. पोर रडत होतं, मधेच उबळ येत होती.

मी ओरडायला हवं होतं, "अगं, मी इथं आहे!" पण मित्रांनो, मी तुमच्यासारखी नाही. कुणाच्या तोंडात असले तरच माझा आवाज. राजूच्या मुठीत मला फक्त बोचता येत होतं. मी बोचले. तिनं मूठ आणखी घट्ट केली. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

निकितानं पोराला उचललं आणि ती धावली. फाटकाबाहेर. माझ्याशिवाय. ओढणीसुद्धा घरात राहिली. शेजारचे तात्याबा पिकअपमध्ये पेरूचे क्रेट चढवत होते.

"तात्याबा, गाडी काढा! इंदापूरला!"

दोन दातांच्या खिंडीतून शब्द नुसते वाऱ्यासारखे निघाले. तात्याबांनी एकदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं, हातातला क्रेट रस्त्यावर ठेवला आणि गाडी सुरू केली. ठमाबाई राजूला ओढत मागे चढल्या.

रस्त्यात पुढे उसाचे ट्रेलर चालले होते. निकिता अवीच्या नाकापाशी बोट धरून बसली होती. बोटाला श्वास लागला की डोळे मिटायची, पुन्हा उघडायची.

"हॉर्न मार की रं!" ठमाबाई मागून ओरडल्या.

"मारतोय की! पर त्यो ट्रेलर हाय, म्हैस न्हाय बाजूला व्हायला!"

इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी अवीची छाती तपासली. मग विचारलं, "कवळी केवढी होती?" निकितानं बोटांनी दाखवलं. "तार होती?"

"दोन. एक वाकडी हाय."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "एक्स-रेचा फोटो काढू. पोटात उतरली असेल तर बघता येईल. पण तार नळीत कुठं रुतली असेल, तर त्याला पुण्याला हलवावं लागेल. लगेच."

निकितानं मान हलवली.

फोटोच्या खोलीत अवीला टेबलावर आडवं केलं. निकितानं त्याचे हात धरले. तो किंचाळत होता. मशीनची लोखंडी मान घरघरत खाली आली, बरोबर त्याच्या छातीवर. राजू आजीचा हात धरून दारात उभी होती. तिनं ती मान पाहिली. मला तिच्या मुठीतला घाम जाणवला. आणि मग मूठ खिशातून बाहेर आली.

"अवीला बोअर मारू नका!" ती आजीचा हात झटकून आत घुसली. "त्याच्या पोटात न्हाय! माझ्यापाशी हाय, माझ्यापाशी!"

तिनं मूठ उघडली. तळहातावर मी होते, आणि माझ्या तारेचे लाल वळ.

अवी अजून रडत होता. मग ठमाबाईंचा हात वर गेला. "काळतोंडे, समद्यांचा जीव टांगणीला लावलास..." पण तो हात तसाच खाली आला आणि त्यांनी भिंतीचा आधार घेतला. निकिता पोराला छातीशी धरून खाली फरशीवर बसली.

डॉक्टरांनी मला उचलून उजेडात धरलं. दोन्ही दात बघितले, दोन्ही तारा बघितल्या. "काही तुटलेलं नाही. सगळी इथंच आहे." अवीची छाती त्यांनी पुन्हा एकदा तपासली. "पेरूनं ठसका लागला होता. आता ठीक आहे. फोटो नको." मग ते राजूपुढे उकिडवे बसले. "का घेतलीस गं?"

"कवळी न्हाय तर आई भाईर जात न्हाय. बारामतीला तिच्या तोंडात बोअर मारणार हायत. पप्पा म्हनलं."

निरोप मिळताच निघालेला दिग्विजय नुकताच मोटारसायकलवरून येऊन दारात उभा होता. त्यानं खाली बघितलं. "म्या चेष्टा केली व्हती गं, राजू."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि त्यातली रिफील दाखवली. "बोअर नाही, बाळा. जास्तीत जास्त एवढं. आणि आधी इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. आईला कळणारही नाही."

राजूनं रिफील हातात घेतली, वाकडी करून बघितली, परत दिली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी वाटीत राहत असेल, तर तिच्यावर झाकण ठेवत जा. लहान बाळाच्या हाताला लागू देऊ नका, आणि गरम पाण्यात तर मुळीच बुडवू नका. तुमची मोठी माणसं आम्हाला लपवतात, म्हणून आम्हाला हसू नका. आणि मोठ्यांचं काही ऐकून भीती वाटली, तर ती खिशात घालून फिरू नका. विचारा. मोठ्यांना उत्तर येत नसलं तरी विचारा.

निकितानं बेसिनवर मला गार पाण्यानं धुतलं आणि तोंडात बसवलं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "दात कशानं गेले होते तुमचे?"

"गाडीवरून पडले," ती म्हणाली. सगळ्यांना ती असंच सांगते.

"नुसती पडली न्हाय, डॉक्टर." ठमाबाई मधेच म्हणाल्या. "रस्त्यावर उसाची मोळी सांडल्याली. गाडी घसरली. ही मागं बसल्याली, मांडीवर ही राजू, चाळीस दिसाची. पडताना मानूस हात टेकतंय का न्हाय? हिनं न्हाय टेकला. दोनी हात लेकराला घट्ट धरून तशीच तोंडावर आपाटली. पोरीला वरखाडा बी न्हाय."

"आत्याबाई, नको ना," निकिता हळूच म्हणाली.

मी नंतर घडलेली. मलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. राजू आईजवळ आली. तिनं आईचे दोन्ही हात उलटे करून पाहिले, मग वर तोंडाकडे पाहिलं. निकिताची जीभ मला टेकली होती.

"आई, तू मला सोडलं असतंस, तर तुझं दात ऱ्हायलं असतं?"