ताटलीतलं खळं

"उभ्यानं बोलू नकोस गं. आधी बैस, मग बोल."

आईचा हा आवाज मोएलागीच्या कानात लहानपणापासून मुरला होता. मोलाचं काही सांगायचं तर चटईवर मांडी घालून सांगावं. बसलेल्यांच्या डोक्यावरून शब्द टाकू नयेत. पण आपिया शहरातल्या या प्रयोगशाळेत सगळे उभ्याउभ्याच बोलत, आणि तीही तशीच बोलायला शिकली होती.

उबेच्या कपाटातून काढलेली काचेची ताटली तिनं उजेडाकडे धरली. जेलीवर जखमेतले जंतू सायीसारखे दाटले होते. मधल्या कागदी टिकलीभोवती मात्र नितळ वलय होतं, चंद्राला खळं पडावं तसं; तिथले जंतू मेले होते. टिकली ओढ्याकाठच्या रानझाडाच्या सालीच्या अर्कात भिजवलेली होती. सवाई बेटावरची वैदूबाई फुआतिनो हीच साल खरवडून, फडक्यातून पिळून, आयुष्यभर लोकांच्या चिघळलेल्या जखमा धूत आली होती.

फुआतिनो मोएलागीची आई, हे मात्र इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. आईच्या औषधाचं खळं लेकीनं मोजलं तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून परदेशी डॉक्टर वॉर्विकना ती गावी घेऊन गेली तेव्हा "या इथल्या वैदूबाई" एवढंच म्हणाली. म्हातारीनं तिच्याकडे एकदाच पाहिलं, काय ते ओळखलं आणि परक्या पाहुणीला म्हणावं तसं लेकीलाच म्हणाली,

"या बाईसाहेब, नारळ प्या. शहरात पाणी मिळत नाही वाटतं, किती वाळलात!"

निघताना मात्र तिनं लेकीची बाही हळूच ओढली. "नाव विचारलं का गं त्यांनी माझं?"

"विचारलं ना."

कुणीही विचारलं नव्हतं.

दुपारी सभागृहात वॉर्विकनी पडद्यावर खळ्याचा फोटो दाखवला. खाली ओळ होती : 'स्थानिक लोकांच्या वापरातली एक साल, आमच्या पथकाने शोधलेली.' टाळ्या पडल्या.

मोएलागीनं ती ओळ पुन्हा वाचली. शोधलेली? वाटेत बूट चिखलात रुतले तेव्हा आईनंच तर यांना हात धरून ओढ्यापलीकडे नेलं होतं.

"बाईंचं नाव राहिलं," ती म्हणाली.

"कुठल्या बाईंचं?" वॉर्विकनी विचारलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख लेओता खुर्चीतूनच हसले. "अगं, झाडपाला गावोगाव वापरतात. कुणाकुणाची नावं घालायची? जा, चहाचं बघ."

"गावोगाव पाला लावतात, साहेब. सालीचं औषध तिनं काढलं. तिच्या आधी कुणीच नाही."

"बरं, बरं. मग बोलू."

"ताटल्या तुम्हीही मोजल्यात ना? स्वतः?"

"मोजल्या की."

"खळं खरंय?"

"खरंय. शंकाच नाही."

मग आता लपवायचं कशासाठी? ती "तुलोऊ, तुलोऊ" म्हणत, सगळ्यांची माफी मागत, कमरेत वाकून खुर्च्यांच्या रांगेपुढून गेली. पडद्यासमोर थांबली आणि गार फरशीवर मांडी घालून बसली.

वॉर्विक घाबरून पुढं झाले. "बरं वाटत नाहीये का हिला? पाणी आणा कुणीतरी."

"थांबा, डॉक्टर." लेओतांचा आवाज बदलला होता. ते घराण्याचे मुखिया, या बसण्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. कुरकुरत्या गुडघ्यांनी ते खुर्चीवरून उतरले आणि तिच्यासमोर खाली बसले. "बोल, पोरी."

"मी लहान होते तेव्हा एक बाई या सालीचं पाणी घेऊन इस्पितळात गेली होती. आत एका माणसाचा पाय सडत होता. नर्सनं वाडगा हिसकावून खिडकीबाहेर ओतला. 'घाण' म्हणाली. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, हिला आत सोडू नये. त्या पाटीवर नाव होतं, साहेब. ठळक, लाल अक्षरांत. हाकलून द्यायचं होतं तेव्हा नाव बरं सापडलं सगळ्यांना! आणि आज सापडत नाही?"

पडद्यावरचं खळं तिच्या डोक्यामागे लखलखत होतं. आपण इथं बसलोय तशीच आईही आता अंगणात साल खरवडत बसली असेल, असं तिला वाटून गेलं.

"तिचं नाव फुआतिनो," मोएलागी म्हणाली. "ती माझी आई आहे."