आभाराचं भाषण

रेडमंड ट्रेसीला आमच्या गावच्या प्रचारसभेला बोलवायचं ठरलं तेव्हा मी हरकत घेतली नाही. युरोपच्या कराराला सार्वमतात 'होय' म्हणा, हे सांगत मी हिवाळाभर दारोदार हिंडले होते. कुत्री अंगावर घेतली, शिव्या खाल्ल्या. करार मी स्वतः वाचला होता आणि तो मला मनापासून पटला होता.

आमचा प्रचारप्रमुख डोनल, शाळेतला मास्तर, हरखून गेला होता. "नोरीन, अगं स्वस्त विमानांचा मालक स्वतः येतोय! अख्खं गाव लोटेल."

"लोटू दे की. आभार मात्र मी मानणार."

डोनलला त्यात काही वावगं दिसलं नाही. आभाराच्या भाषणात आमच्याकडे कुणी मध्ये बोलत नाही. पाहुण्यानं हसऱ्या तोंडानं बसून ऐकायचं असतं.

याच ट्रेसीच्या विमानानं माझा भाऊ फिन्टन आदल्या वर्षी बर्मिंगहॅमहून आईच्या अंत्यविधीला निघाला होता. तिकीट स्वस्त होतं, त्याची जाहिरातच तशी. विमानतळावर सांगितलं, विमानात चढायचा कागद घरून छापून आणला नाहीस, त्याचे वेगळे पैसे. काळ्या सुटाची पिशवी चार बोटं मोठी, तिचे वेगळे. कार्डात तेवढे नव्हते. खिशातल्या नोटा पुढे केल्या तर म्हणाले, रोख घेत नाही. विमान त्याच्या डोळ्यांदेखत उडालं.

आमच्याकडे आई मुलाच्या खांद्यावरून जाते. फिन्टनच्या जागी अंत्यविधीच्या दुकानातला नोकर उभा राहिला, च्युइंगगम चघळत. त्या माणसाचा काही दोष नव्हता. ज्याचा होता तो माझ्या मनात पक्का बसला.

सभेच्या दिवशी ट्रेसी छान बोलला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "या करारात लपवलेलं काहीही नाही. मी साधा माणूस आहे, साधं बोलतो." टाळ्या पडल्या. मी उठले.

"ट्रेसीसाहेब एवढ्या लांबून आले, त्यांचे आभार," मी म्हटलं, आणि फिन्टनची गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही. मग विचारलं, "साहेबांच्या विमानासाठी ज्यांनी ज्यांनी विमानतळावर वरचे पैसे भरलेत त्यांनी हात वर करा."

फादरांचा हात आधी वर गेला. मग बाकीचे. डोनलचाही गेला, बिचाऱ्याच्या लक्षात येण्याआधीच.

ट्रेसीनं हसत बसून राहायला हवं होतं. तेवढं केलं असतं तर निभावलं असतं. पण असल्या माणसांना ऐकून घ्यायची सवय नसते. तो उठला आणि म्हणाला, "बाई, दुःख आहे मला. पण तुमच्या भावानं अटी वाचायला नकोत? सगळं लिहिलेलं असतं."

मागच्या बाकावरून म्हातारी असम्प्टा ओरडली, "म्हणजे या करारातही बारीक अक्षरांत बरंच काही असणार म्हणा की!"

सगळं सभागृह हसलं. ट्रेसीचा चेहरा उतरला, तो मी डोळे भरून बघून घेतला.

मतमोजणीला दोन्ही बाजूची माणसं कठड्याला टेकून, पेटीतला एकेक कागद उलटला जाताना नजरेनं मतं मोजत असतात. आमच्या गावची पेटी उघडली आणि 'नाही', 'नाही', 'नाही' असं सुरू झालं. ज्या घरांत मी चहा प्यायले होते त्याच घरांची ही मतं. देशभरात 'होय' जिंकलं, ट्रेसी टीव्हीवर हात उंचावून हसला. हरलं ते फक्त आमचं गाव.

"हे तू केलंस," डोनल म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आपली एवढी मेहनत, नोरीन!"

"हो, मी केलं." मला त्याचं वाईट वाटलं. केल्याचं नाही वाटलं.

घरी येऊन फिन्टनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो खूप हसला. हसता हसता मध्येच थांबून त्यानं विचारलं,

"माझी जागा रिकामीच राहिली ना गं, ताई?"

"रिकामी नव्हती रे, भाड्याचा माणूस उभा होता. तेच तर."